लायडेनपासून जिल्ह्यापर्यंत: आंतरराष्ट्रीय बालहक्क कायद्याच्या अभ्यासाचा आढावा

संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता ५४ कलमांची आहे. सवड काढली तर एका बैठकीत वाचून होते. मुलाला नाव असावं, शाळा मिळावी, औषधपाणी मिळावं, मारहाणीपासून आणि शोषणापासून त्याचं रक्षण व्हावं, त्याच्याबद्दल निर्णय घेताना त्याला विचारावं, यातल्या कशाशीच कुणाचं भांडण असणार नाही. म्हणूनच १९६ पक्षांनी ती स्वीकारली आहे. अमेरिकेनं १९९५ मध्ये तिच्यावर सही केली, पण अजून तिला मान्यता दिलेली नाही. तो मोठा अपवाद सोडला तर जवळपास सारं जग या संहितेला बांधील आहे.

अडचण सुरू होते ती एका विशिष्ट मुलाची फाईल टेबलावर आल्यावर. आई एका देशात, बाप दुसऱ्या देशात. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आलेला, सतरा वर्षांचा असल्याचं सांगणारा मुलगा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर फडावर राहणारी आठ वर्षांची मुलगी. यांच्या बाबतीत कोणतं कलम लागू होतं, ते कुणावर बंधनकारक आहे आणि त्याचा निर्णय कसा व्हावा, हे संहिता नुसती वाचून कळत नाही. ते शिकावं लागतं. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या शिक्षणाची एक स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली आहे. ती कशी घडली, तिच्यात काय शिकवतात, तिच्यात कोणते वाद आहेत आणि आपल्याला तिच्याकडून काय घेता येईल, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच मांडतो: या कायद्याची खरी कसोटी जिल्हा पातळीवर लागते, म्हणून त्याचं शिक्षणही तिथपर्यंत आणि तिथल्या भाषेत पोचलं पाहिजे.

विषय उभा कसा राहिला

पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत शत्रुराष्ट्रांतल्या मुलांनाही अन्न मिळावं म्हणून एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी १९१९ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. त्यांच्याच पुढाकारानं तयार झालेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघानं १९२४ मध्ये जिनिव्हात स्वीकारला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई इलाख्यात बालकांचा स्वतंत्र कायदा झाला. अपराधी आणि निराधार मुलांना प्रौढांच्या तुरुंगापासून वेगळं ठेवण्याची वाट त्यानं आपल्याकडे मोकळी केली.

जिनिव्हाचा जाहीरनामा मुलांना काय द्यायला हवं हे सांगत होता. मूल स्वतः हक्क मागू शकतं, ही कल्पना त्यात नव्हती. ती रुजवण्यात पोलंडच्या यानुश कोरचाक या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. वॉर्साच्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचं स्वतःचं न्यायालय चाले आणि मोठ्यांवरही तिथे तक्रार करता येई. १९४२ मध्ये नाझींनी कोरचाक यांना त्या मुलांसह ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेऊन मारलं. पुढे १९७८ मध्ये बंधनकारक बालहक्क कराराचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला तो पोलंडनंच. दहा वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संहिता मंजूर झाली आणि २ सप्टेंबर १९९० पासून लागू झाली. भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी तिच्यात सामील झाला.

कायदा बंधनकारक झाला तशी त्याचा अर्थ लावणाऱ्यांची गरज निर्माण झाली. राष्ट्रांचे अहवाल तपासायला जिनिव्हात समिती बसली. आज तिच्यावर १८ तज्ज्ञ आहेत. ही समिती वेळोवेळी ‘सामान्य टिप्पण्या’ प्रसिद्ध करते आणि एकेका कलमाचा अर्थ उलगडते. १९९३ पासून या विषयाला वाहिलेलं आंतरराष्ट्रीय नियतकालिक निघू लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे मायकेल फ्रीमन त्याचे संस्थापक संपादक. समिती, तिच्या टिप्पण्या, न्यायालयांचे निकाल आणि संशोधन यांचा साठा वाढत गेला आणि मानवी हक्कांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम झाला.

कुठे शिकवतात

नेदरलँड्समधल्या लायडेन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय बालहक्क या विषयाची प्रगत एलएलएम आहे: पूर्ण वेळ, एक वर्षाची, इंग्रजीतून. हेगची आंतरराष्ट्रीय न्यायालयं तिथून जवळ आहेत, हा स्थानाचा फायदा. तिथे टोन लीफार्ड यांच्यासारखे अभ्यासक शिकवतात. २००१ ते २००७ या काळात जिनिव्हाच्या समितीचे अध्यक्ष असलेले याप डूक हेही नेदरलँड्सचेच. जिनिव्हा विद्यापीठाचं बालहक्क केंद्र स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, सियों इथे आहे. तिथला भर आंतरशाखीय अभ्यासावर असतो: कायद्याबरोबर समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र. उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्टचं क्वीन्स विद्यापीठ मुलांच्या सहभागावरच्या संशोधनासाठी ओळखलं जातं.

दक्षिण आफ्रिकेकडे मात्र खास लक्ष द्यायला हवं. प्रिटोरिया विद्यापीठातलं बालकायदा केंद्र वर्गात शिकवतं आणि मुलांच्या वतीनं न्यायालयातही उभं राहतं. त्या केंद्राचं नेतृत्व केलेल्या अ‍ॅन स्केल्टन पुढे जिनिव्हाच्या समितीच्या अध्यक्ष झाल्या. वर्ग, न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय समिती या तिन्ही जागा एकाच व्यक्तीच्या कामात जोडल्या गेल्या, यातच या विषयाचं वेगळेपण दिसतं.

भारतात बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातलं ‘सेंटर फॉर चाइल्ड अँड द लॉ’ १९९६ पासून काम करतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत बालहक्कांचा विचार समाजकार्याच्या अंगानं झाला. तिथल्या आशा बाजपेयी यांचं भारतातल्या बालहक्कांवरचं पुस्तक आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी पायाभूत ठरलं.

वर्गात काय घडतं

सुरुवात चार तत्त्वांपासून होते. भेदभाव नको (कलम २), बालकाच्या सर्वोत्तम हिताला प्राधान्य (कलम ३), जगण्याचा आणि विकासाचा हक्क (कलम ६), मुलाचं म्हणणं ऐकण्याचं बंधन (कलम १२). ही चार नावं पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. त्यांचं वजन निकालांतून कळतं.

डेन्मार्कविरुद्धचं २०१८ चं एक प्रकरण पाहा. एका सोमाली आईची मुलगी डेन्मार्कमध्ये जन्मली. दोघींना सोमालियातल्या पुंटलँडला परत पाठवायचं ठरलं. तिथे आपल्या मुलीची खतना होईल, अशी आईला भीती होती. डेन्मार्कच्या अधिकाऱ्यांनी त्या भागाच्या सर्वसाधारण अहवालांवर विसंबून धोका नसल्याचा निष्कर्ष काढला. बालहक्क समितीनं तो फेटाळला. या विशिष्ट मुलीच्या वाट्याला काय येईल, हे तिच्या बाजूनं तपासलंच गेलं नव्हतं. म्हणून कलम ३ आणि हिंसेपासून रक्षण देणाऱ्या कलम १९ चा भंग झाला. विद्यार्थ्याला इथे एक सवय लागते: ‘बालकाचं हित’ हे शब्द निर्णयात लिहिलेले आहेत का, एवढं पाहून थांबायचं नाही, ते हित कुणी, कोणत्या माहितीवर आणि कोणत्या पद्धतीनं ठरवलं, हे विचारायचं.

त्याच वर्षीचं बेल्जियमचं प्रकरण कलम १२ शिकवतं. मोरोक्कोत जन्मतःच टाकून दिलेल्या मुलीला एका बेल्जियन-मोरोक्कन जोडप्यानं कफालाच्या, म्हणजे इस्लामी परंपरेतल्या पालकत्वाच्या पद्धतीनं सांभाळायला घेतलं. बेल्जियमनं तिला व्हिसा नाकारला. मुलगी लहान आहे, तिचं मत विचारण्यात अर्थ नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. दुसऱ्यांदा निर्णय झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती, याकडे समितीनं बोट दाखवलं. ज्यांनी वाढवलं त्यांच्याजवळ राहायचं आहे का, हे पाच वर्षांची मुलगी सांगू शकते.

मुलाचं ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याची मांडणी बेलफास्टच्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये केली आणि ती आता जगभर शिकवली जाते. मुलाला बोलायला सुरक्षित जागा हवी, बोलण्यासाठी मदत हवी, ऐकण्याचा अधिकार असलेला श्रोता हवा आणि त्या बोलण्याचा निर्णयावर परिणाम व्हायला हवा. आपल्याकडच्या शाळांतल्या बालसभांना, वसतिगृहांतल्या तक्रारपेट्यांना आणि ताब्याच्या खटल्यांत न्यायाधीशांनी मुलाशी केलेल्या बोलण्याला ही चौकट लावून पाहावी. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा असतात. शेवटच्या दोन क्वचितच सापडतात.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचा २००७ चा एक निकालही अशा वर्गांत अभ्यासाला असतो. क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीत दोषी ठरलेली बाई तीन मुलांना एकटी सांभाळत होती. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी लिहिलं की आईला शिक्षा देताना मुलांवर काय परिणाम होईल याचा स्वतंत्र विचार करणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. तिला उरलेल्या तुरुंगवासाऐवजी देखरेखीखाली घरी राहण्याची मुभा मिळाली. आरोपी प्रौढ होती, तरी खटला मुलांचाही होता, हे त्या न्यायालयानं ओळखलं.

वय कसं ठरवायचं

कायद्याबाहेरचं ज्ञान या अभ्यासात किती लागतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे वयनिश्चिती. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून स्पेनला आलेल्या अनेक मुलांकडे कागदपत्रं नसतात. त्यांच्या मनगटाचा एक्स-रे काढून तो ग्रॉयलिक आणि पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी ताडून वय ठरवलं गेलं. तो चित्रसंग्रह गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या एक्स-रेवर बेतलेला आहे. पोषण आणि वंश वेगळे असलेल्या मुलांना तो लावला की अंदाज चुकतो आणि अल्पवयीन मुलगा कागदावर प्रौढ होऊन मोठ्यांच्या केंद्रात जातो. समितीनं स्पेनविरुद्ध एकामागून एक निर्णय दिले: शंका असेल तर फायदा मुलाला द्या आणि प्रक्रियेत त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस द्या.

आपला बाल न्याय अधिनियम २०१५ या बाबतीत शहाणा आहे. त्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहायचं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची तपासणी. जिनिव्हाचे निर्णय वाचलेल्या वकिलाला हा क्रम का महत्त्वाचा आहे हे कळतं आणि तो क्रम डावलला गेला तर त्यावर बोट ठेवता येतं.

विषयातले वाद

या विषयात सगळं एकमतानं चालतं असं समजून जो शिकेल, तो अर्धवट शिकेल. पहिला वाद बालमजुरीचा. १९९६ मध्ये कर्नाटकात कुंदापूरला कामकरी मुलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. काम बंद करण्याऐवजी सन्मानाचं, सुरक्षित आणि शिक्षणाला वेळ देणारं काम आम्हाला हवं, असं त्या मुलांनी सांगितलं. बोलिव्हियात मुलांच्या संघटनांच्या रेट्यामुळे २०१४ मध्ये काही अटींवर दहा वर्षांच्या मुलांनाही कामाची मुभा देणारा कायदा झाला. पुढे तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. कलम १२ म्हणतं मुलांचं ऐका, कलम ३२ म्हणतं त्यांना शोषणापासून वाचवा. दोन्ही प्रामाणिकपणे पाळायची तर काय करायचं? माझं मत बंदीच्या बाजूचं आहे, कारण गरिबीचा भार मुलाच्या खांद्यावर टाकून समाजानं मोकळं होऊ नये. पण बंदी घालणाऱ्यानं मुलांचं म्हणणं आधी ऐकलेलं असावं, हेही मला पटतं. भारतानं संहिता स्वीकारताना कलम ३२ टप्प्याटप्प्यानं अमलात आणू असं निवेदन जोडलं. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे बालमजुरीविषयक दोन्ही करार आपण मान्य केले. आता त्या निवेदनाची गरज उरलेली नाही.

दुसरा वाद मुलांच्या कर्तव्यांचा. १९९० चा आफ्रिकी बालहक्क करार हक्कांबरोबर मुलाची कुटुंबाप्रती आणि समाजाप्रती कर्तव्यंही सांगतो. अशी यादी वडीलधाऱ्यांच्या हातचं हत्यार होईल, ही काहींची भीती. हक्क नात्यांतच जगले जातात, हे आफ्रिकी अभ्यासकांचं उत्तर. एकत्र कुटुंबाच्या आठवणी ताज्या असलेल्या आपल्या समाजाला ही चर्चा परकी वाटणार नाही.

तिसरा वाद आपल्या अगदी दारातला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव गाडीनं दोन तरुण जिवांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. संताप उसळला आणि तो रास्त होता. ज्यांची मुलं गेली त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. त्या संतापात ‘त्याला प्रौढ ठरवा’ ही मागणी आली. आपल्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरं जावं लागू शकतं, पण गुन्हा कायद्यानं सर्वांत गंभीर वर्गात घातलेला असेल तरच. म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा. किमान शिक्षा ठरलेली नसेल तर कमाल शिक्षा कितीही असली तरी गुन्हा त्या वर्गात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सांगितलं. आणि समितीची २०१९ ची चोविसावी टिप्पणी तर अठरा वर्षांखालच्या कुणालाही प्रौढांच्या व्यवस्थेत ढकलू नये, असं म्हणते. हे माहीत असलेला माणूस पीडित कुटुंबांच्या बाजूनं तितक्याच तळमळीनं उभा राहतो आणि चुकीचा उपाय मागत नाही.

तक्रार करण्याचा हक्क आणि त्याच्या मर्यादा

मुलांना स्वतः समितीकडे दाद मागता येईल असा तिसरा जोड-करार २०११ मध्ये मंजूर झाला आणि २०१४ मध्ये लागू झाला. भारत त्यात नाही. तरीही २०१९ मध्ये बारा देशांतल्या सोळा मुलांनी पाच राष्ट्रांविरुद्ध हवामानबदलाची तक्रार केली, तेव्हा ग्रेटा थुनबर्गबरोबर उत्तराखंडची रिधिमा पांडेही तक्रारदार होती. त्या पाच देशांनी हा जोड-करार मान्य केलेला होता. समितीनं २०२१ मध्ये महत्त्वाचं तत्त्व मान्य केलं: आपल्या धुरानं सीमेपलीकडच्या मुलांचं नुकसान झालं तर राष्ट्र जबाबदार ठरू शकतं. मात्र आधी त्या त्या देशाच्या न्यायालयात जायला हवं होतं, म्हणून तक्रार ऐकून घेतली गेली नाही. मुलं हरली, पण दोन वर्षांनी समितीनं पर्यावरणावरची सव्विसावी टिप्पणी काढली तेव्हा तिच्यासाठी १२१ देशांतल्या मुलांची सोळा हजारांहून अधिक मतं गोळा केली गेली. आंतरराष्ट्रीय कायद्याची चाल अशी असते. घाई असलेल्याला ती निराश करते. ती समजून घेणाऱ्याला कुठे जोर लावायचा ते कळतं.

आपल्याकडचा धागा

महाराष्ट्र आणि गोवा या विषयात नवखे नाहीत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर १९८६ मध्ये न्यायालयानं मुलांना तुरुंगात ठेवू नये असं बजावलं आणि देशभरासाठी एकच बालकायदा असावा असं सुचवलं. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रप्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत मुलांसाठीची ‘चाईल्डलाइन’ ही दूरध्वनी मदतवाहिनी सुरू केली; १०९८ हा क्रमांक आज देशभर माहीत आहे. गोव्यानं २००३ मध्ये स्वतःचा बालकायदा केला, स्वतंत्र बाल न्यायालय स्थापलं, शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली आणि पर्यटकांकडून होणाऱ्या शोषणाला आळा घालण्यासाठी हॉटेलांपासून फोटो धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर जबाबदारी टाकली. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा देशाचा पॉक्सो कायदा यायला त्यानंतर नऊ वर्षं लागली.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांचाही इथे थेट संबंध येतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये संसार मोडतो आणि आई किंवा वडील मुलाला घेऊन पुण्याला, नागपूरला परततात. पालकानं परदेशातून परस्पर नेलेल्या मुलांविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल तातडीनं परत पाठवण्याचं बंधन आपल्यावर नाही. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, अंतिम कसोटी मुलाच्या हिताचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात ठरवलं. विधी आयोगानं २००९ मध्ये या करारात सामील होण्याची शिफारस केली होती. छळातून सुटून आलेल्या आईचं रक्षण आणि मुलाचं दोन्ही पालकांशी नातं, या दोहोंचा मेळ घालणारा मार्ग शोधायला अभ्यासू वकील हवेत, आणि ते आज फार थोडे आहेत.

काय करायला हवं

लायडेनला किंवा सियोंला ज्यांना जाता येईल त्यांनी अवश्य जावं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांना ही वाट खुली आहे, आणि ज्या वस्त्यांतली मुलं बालगृहांत सर्वाधिक पोचतात तिथूनच या विषयाचे अभ्यासक यावेत, अशी माझी इच्छा आहे. पण मुख्य काम घरीच आहे.

प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे: अध्यक्ष आणि चार सदस्य. बाल न्याय मंडळ आहे: एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. मुलाला घरी पाठवायचं की बालगृहात, दत्तकासाठी मोकळं जाहीर करायचं की नाही, हे निर्णय तिथे होतात आणि तिथलं बोलणं मराठीत चालतं. जिनिव्हाच्या टिप्पण्या मात्र इंग्रजीत राहतात. अनेक विधी महाविद्यालयांत बालहक्क हा विषय कौटुंबिक कायद्याच्या किंवा मानवी हक्कांच्या एखाद्या प्रकरणापुरता उरतो. त्याला पूर्ण सत्राचा विषय करावा. महत्त्वाच्या टिप्पण्या आणि निकाल मराठीत आणावेत. समाजकार्य, मानसशास्त्र आणि कायदा यांचे विद्यार्थी एका वर्गात बसावेत. आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं, नाव-गाव झाकून दिलेल्या खऱ्या प्रकरणावर, बाल कल्याण समितीपुढे मांडता येईल असं टिपण मराठीत लिहावं.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या ऊसतोडीच्या मुलीचं उदाहरण अशा परीक्षेला चांगलं आहे. शिक्षण हक्क कायदा तिला शाळा देतो, राज्याची हंगामी वसतिगृहाची योजना तिला गावात राहण्याची सोय देते, संहितेची शिक्षणाबद्दलचं कलम २८ आणि शोषणाबद्दलचं कलम ३२ ही कलमं सरकारला जाब विचारण्याचा आधार देतात आणि कलम १२ सांगतं की आईबापांबरोबर जायचं की गावात राहायचं, हे तिलाही विचारा. हे चारही धागे एका पानावर जुळवून, कोणत्या अधिकाऱ्यानं कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं, हे लिहू शकणारे पदवीधर प्रत्येक जिल्ह्याला हवेत. असे पदवीधर घडवणं आपल्या विद्यापीठांना आजच्या साधनांतही शक्य आहे, आणि १९९२ मध्ये आपण मुलांना दिलेल्या शब्दापोटी ते त्यांचं कर्तव्यही आहे.